चौथ्या दगडाची जागा

नामदेवभाऊंचा फोन आला की आधी चक्की ऐकू यायची आणि मग नामदेवभाऊ. पट्ट्याची फटफट, दगडांची खालच्या सुरातली घरघर, आणि त्या दोन्हींवर आवाज चढवून बोलण्याची त्यांची सवय. त्या गुरुवारी सकाळी फोन घेतला तेव्हा पलीकडे काहीच नव्हतं. इतकी शांतता, की त्यांचा श्वास मला ऐकू आला. ते म्हणाले, “मॅडम गेल्या. सकाळी, लाखांदूरले, घरीच. चक्की बंद केली मी.” पुढे हृदय, डॉक्टर, मुलगा नागपूरहून निघाला आहे, असं बरंच काही त्यांनी सांगितलं असावं. मला मात्र त्या बंद पडलेल्या चक्कीचीच भीती वाटत राहिली. मोहाडीच्या माझ्या स्वयंपाकघरात गॅसवर भात होता. त्याची वाफ झाकणाला धडका देत होती आणि तो आवाजही मला नकोसा झाला...

त्याच चक्कीत, आदल्याच रविवारी, शशीताई, म्हणजेच नामदेवभाऊंच्या मॅडम, आणि मी एका बाकावर बसलो होतो आणि मन मोडून उठलो होतो. भांडण म्हणावं इतका आवाज कोणी चढवला नव्हता. पण बसस्टॉपवर एस.टी. येईपर्यंतची वीस मिनिटं आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून रस्त्याच्या दोन टोकांकडे पाहत होतो. मी चढताना त्यांनी नेहमीप्रमाणे माझी पिशवी वर दिली नाही. शशीताईंचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे होतं : “तू बी हॉटेलातल्या माणसाईसारखीच बोलून राहिली, कवयित्री.”

मृत्यूनंतर तीन आठवडे उलटून गेले. या वाक्याला मला अजून उत्तर देता आलेलं नाही. हा लेख लिहायला बसले तेही त्यासाठीच.

शशिकला गजभिये लाखांदूरच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, कारण त्यांच्या पदराला, पिशवीला, डब्यालासुद्धा रंगाचा वास यायचा आणि जेवताना तो इतरांना सोसायचा नाही. मला तो आवडला. ओल्या चुन्यात कोणीतरी जांभूळ चिरडावं तसा थंड, किंचित तुरट वास. मी कविता करते हे कळल्यावर त्यांनी मला नावाने हाक मारणं कायमचं सोडून दिलं. “ओ कवयित्री, दोरी पकड” हे त्यांनी मला दिलेलं पहिलं काम, आणि पुढची बारा वर्षं मी त्यांच्या प्रत्येक प्रदर्शनाच्या दोरीचं दुसरं टोक पकडून उभी राहिले.

प्रदर्शनं म्हटली की वाचकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या भिंती येतील. शशीताईंच्या आयुष्यात तशी भिंत एकदाच आली. शिकत असताना त्यांनी वडिलांना नागपूरला एक मोठं चित्रप्रदर्शन दाखवायला नेलं होतं. वडील धानाच्या बांधीत राबणारे. गुळगुळीत फरशी पाहून त्यांनी दारातच चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाले, तू पाहून ये, मी इथेच उभा राहतो. शशीताईंनी किती विनवलं तरी ते आत आले नाहीत. परतताना बसमध्ये त्या एकेक चित्र वडिलांना तोंडी सांगत राहिल्या. सगळं ऐकून घेऊन वडिलांनी एकच गोष्ट विचारली होती, की तिथे बसायला काही होतं का. नव्हतं. “मंग पाहाचं कसं?” ते म्हणाले होते. एवढ्या एका प्रश्नावर शशीताईंनी आपलं सगळं काम उभं केलं. माणूस जिथे आधीच बसलेला आहे तिथे चित्र न्यायचं. त्याला उठवायचं नाही, चपला काढायला लावायच्या नाहीत.

पहिलं प्रदर्शन लागलं ते सलूनमध्ये. लाखांदूरच्या बाजार ओळीतल्या त्या सलूनमध्ये तोवर कोणी बाई चढली नव्हती. शशीताई हातोडी घेऊन सरळ आत गेल्या, मी मागे. तुरटीचा, साबणाच्या फेसाचा आणि ओल्या केसांचा वास. खुर्चीतल्या गृहस्थांनी अर्ध्या फेसानिशी उठायचा प्रयत्न केला तेव्हा सलूनवाले त्यांच्या खांद्यावर हात दाबून म्हणाले, “बसा ना बाप्पा, मॅडम भिंतीले खिळे मारून राहिल्या, तुमाले नाई.” शशीताईंनी चित्रं समोर लावली नाहीत, मागच्या भिंतीवर लावली. आरशात उलटी दिसतील हे धरून त्यांनी ती उलटी काढली होती. वैनगंगेवरचा पूल, बैलबाजार, रोवणी करणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठींची एक लांब ओळ. गळ्यावर वस्तरा असताना माणूस मान हलवत नाही, आणि समोर पाहण्याखेरीज त्याला दुसरं काही करता येत नाही, हा त्यांचा हिशेब होता. महिनाभरात सलूनवाले तक्रार करू लागले की दाढी झाली तरी माणसं खुर्ची सोडत नाहीत. त्या दिवशी शशीताई रस्त्याने चालताना गुणगुणत होत्या. त्या पुरुषांच्या जागेत आपण खिळा ठोकून आलो याचा त्यांना अभिमान होता, आणि मला त्यांचा. पुढे जी चूक झाली ती या अभिमानाच्या पोटातच वाढत होती. तेव्हा आम्हा दोघींनाही ती दिसली नाही.

लाखांदूर रस्त्यावरून आत वळलं की पुनर्वसनाचं एक गाव लागतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा नदीकाठचं त्यांचं मूळ गाव बुडालं. तिथले लोक आजही त्याला नुसतं ‘जुना गाव’ म्हणतात. नव्या गावात रस्ते सरळ आहेत, घरांना क्रमांक आहेत, आणि चौकात हरिदासभाऊंचं चहाचं हॉटेल आहे. शशीताईंनी निवृत्तीनंतर ठरवलं की या हॉटेलच्या लांब भिंतीवर जुनं गाव काढायचं. दर रविवारी त्या तिथे बाकावर बसत, पुठ्ठे जोडून केलेला दहा फुटांचा पट्टा टेबलावर पसरत, आणि चहा प्यायला आलेले लोक सांगत ते काढत. आलुबोंड्याच्या तेलाचा धूर त्या चित्रात पहिल्या दिवसापासून मुरला. लोक सांगत, खोडत, एकमेकांवर धावून जात. चावडीसमोरचा लिंब विहिरीच्या अल्याड होता की पल्याड, यावर दोन सख्खे चुलत भाऊ दोन रविवार बोलत नव्हते. शशीताई लिंब पेन्सिलीने काढून ठेवत, मग खोडरबराने थोडा सरकवत. आठ महिन्यांत मारुतीचं देऊळ आलं, शाळा आली, बुद्धविहार आला, सरपंचांची ओसरी, पानठेला, बोडीची, म्हणजे गावतळ्याची, पाळ, नावेचा धक्का, धक्क्याला बांधलेली डोंग्यांची रांग. मी तोवर मोहाडीला राहायला गेले होते, तरी जमेल तेव्हा एस.टी.ने जाऊन पुठ्ठ्याचं एक टोक धरत असे.

चित्र भिंतीवर चढलं त्या दिवशी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे बोटांनी आपापली घरं शोधत होते. एकाने आपल्या दाराला हात लावला आणि तसाच उभा राहिला. मी डोळे पुसायला बाहेर आले... समोरच, रस्त्याच्या पलीकडे, नामदेवभाऊंची चक्की. डोक्यावर दळणाचा डबा घेतलेली एक म्हातारी मध्येच थांबली होती आणि डोळे बारीक करून हॉटेलच्या दाराकडे बघत होती. डोळ्यांत मोतीबिंदूचा दुधाळ रंग उतरलेला. तिने मला विचारलं, “काय लावलं व तिकडं? माणसं सकाळपासून जाऊन राहिलेत.” मी सांगितलं, तुमचं जुनं गाव लावलंय, चला ना आत, दाखवते. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी तिला विहिरीत उडी मारायला सांगितलं होतं. “हॉटेलात? मी?” मग जरा थांबून, डबा सावरत, तिने हळूच विचारलं, “बायाईचा घाट काढला का?”

या बाई पार्बताबाई. मी परत आत गेले, माणसांच्या खांद्यांमधून वाट काढून चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. नावेचा धक्का होता. त्याच्या पुढे नदी वळत होती आणि तिथेच, पुठ्ठा संपत होता तिथे, चित्र संपत होतं. घाट नव्हता. धान कांडायच्या जागा नव्हत्या. ज्या बोळातून बाया पाण्याला जात असतील तो बोळ नव्हता. दहा फुटांच्या त्या गावात सगळी दारं रस्त्याकडे उघडत होती आणि एकाही घराला परसदार नव्हतं. सलूनमध्ये खिळे मारणाऱ्या माझ्या शशीताईंनी आठ महिने पुरुषांच्या बाकावर बसून पुरुषांचं गाव काढलं होतं, आणि मी त्या पुठ्ठ्याचं टोक धरून उभी होते.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. बाहेर नेऊन सांगायला हवं होतं. पण शब्दांची सवय असलेल्या माणसाचा एक दोष असतो, सापडलेलं वाक्य त्याच्याने गिळवत नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “ताई, या गावात बाया कुठे आहेत?” मग कोणीतरी म्हणालं, “बाया घरात आहेत ना बाई, आत, दिसतीन कशा?” आणि हॉटेल हसलं. शशीताई हसल्या नाहीत. त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरत गेला ते मी पाहिलं आहे. आपल्या सगळ्यात आनंदाच्या दिवशी, आपल्याच माणसाने, गर्दीत...

पुढचे चार महिने त्यांनी माझा फोन उचलला नाही. मी दोनदा लाखांदूरला गेले. एकदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा आतून रेडिओ ऐकू येत होता, मी कडी वाजवली आणि रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही. मी अंगणातल्या मोगऱ्याजवळ बराच वेळ उभी राहिले आणि परत फिरले. मग एका शनिवारी त्यांचाच फोन आला. हालहवाल नाही, रुसवा नाही. “उद्या चक्कीवर ये. हातोडी घेऊन ये, माझी हॉटेलातच राहिली.”

हातोडी हॉटेलात का राहिली ते नामदेवभाऊंकडून कळलं. मधल्या काळात शशीताई दर आठवड्याला एकट्या त्या गावात येत होत्या. चक्कीच्या बाकावर, दळण होईपर्यंत थांबलेल्या बायांमध्ये बसत होत्या. पार्बताबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, “आमची बसाची जागा हे आहे. काहून नाई लावलं इकडं?” शशीताईंनी चित्र उतरवून, त्यात घाट घालून, ते चक्कीत लावायचं ठरवलं आणि हातोडी घेऊन हॉटेलात गेल्या. पहिला खिळा सैल केला तेव्हा हरिदासभाऊ चित्राच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. माणूस तसा मवाळ, पण त्या दिवशी हटले नाहीत म्हणे. “मॅडम, गाव आमी सांगतलं. तुमी फक्त काढलं. आता त्याले हात नाई लावाचा.” बाकांवरची माणसं उठून त्यांच्यामागे उभी राहिली. शशीताई हातोडी टेबलावर ठेवून बाहेर आल्या. हे ऐकताना मला वाटलं, शशीताईंना राग आला असेल. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “राग कायचा? ज्या माणसाईले मी चित्र पाहा म्हणून हात जोडले, तेच आज चित्रासाठी अंगावर आले. बाबाले सांगाले पाहिजे होतं.” पण हे बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

मग त्यांनी दुसरं चित्र सुरू केलं. हॉटेलातलं चित्र जिथे संपत होतं, नदीच्या त्याच वळणापासून पुढे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली असती तर काठाची रेघ जुळली असती. रस्त्याच्या एका बाजूला पुरुषांचं गाव, दुसऱ्या बाजूला बायांचं, आणि मधून ट्रॅक्टर जाणार. पुठ्ठे अर्धवट रंगवलेलेच चक्कीच्या भिंतीवर चढले, बाकीचं त्या तिथेच स्टुलावर चढून काढणार होत्या. चक्कीत चित्र लावणं म्हणजे काय, हे पहिल्या तासातच कळलं. आम्ही लावून खाली उतरेपर्यंत त्याच्यावर पिठाचा पातळ पदर बसला होता. गव्हाचं पीठ किंचित पिवळं आणि जड, ते खालच्या कडेला साचतं. तांदळाचं हलकं, ते वर चढतं आणि आभाळ पांढरं करतं. गरम पिठाचा तो गोड वास आता चित्राचाही वास झाला. नामदेवभाऊ फडकं घेऊन धावले तर शशीताईंनी त्यांचा हात धरला. पीठ पुसायचं नाही, असा त्यांनी नियमच घातला. ज्याला जे पाहायचं असेल ते त्याने स्वतःच्या बोटाने पुसून पाहावं. पुढच्या खेपेला आल्या की त्या आधी पुसलेल्या जागा पाहत. परसातला शेवगा पुसलेला असे. उखळ पुसलेलं असे. बाळंतिणीच्या खोलीची छोटीशी खिडकी रोज कोणीतरी पुसत होतं, कोण ते कधी कळलं नाही. वहीत अभिप्राय लिहिता न येणाऱ्या बायांचे अभिप्राय शशीताई पिठात वाचत होत्या, आणि मी तर उभ्या आयुष्यात इतकं चांगलं काही वाचलं नव्हतं.

सगळ्यात जास्त बोटं घाटावर पडत. बायांच्या त्या घाटावर धुण्याचे दगड होते, आणि प्रत्येक दगडाला एक बाई होती. नवी सून आली की पहिल्या दिवशी सासू तिला घाटावर नेऊन आपल्या दगडावर बसवायची, तिच्या पायांवर नदीचं पाणी घालायची, आणि तेव्हापासून तो दगड सुनेचा. दुसरी बाई त्यावर कपडा आपटायची नाही. पार्बताबाई एकदा अगदी साध्या सुरात म्हणाल्या होत्या, “घर सासऱ्याच्या नावानं, वावर मालकाच्या नावानं. गोटा माहा होता.” नव्या गावात घरोघरी नळ आले. दगड पाण्याखाली राहिले.

शशीताई एकेकीला विचारून तिचा दगड काढत. रंग, उतार, घासून पडलेला खळगा, शेजारची शेवाळ. पहिला दगड, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी काम अडलं. चौथा दगड पार्बताबाईंचा होता, आणि तो त्यांच्या धाकट्या जावेचा, सुगंधाबाईंचाही होता. सासूने थोरल्या सुनेला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यावर बसवलं होतं. पुढे सासू अंथरुणाला खिळली, धाकटीने तिचं सगळं केलं, आणि म्हातारीने जाण्याआधी तिला सांगितलं की माझा गोटा तुझा. दोघींनाही दिलेला होता, आणि दोघीही खोटं बोलत नव्हत्या. घाटावर या दोघी वीस वर्षं त्या दगडावरून बोलत नव्हत्या आणि दगड बुडून गेल्यावरही बोलत नव्हत्या. बरं, दगड तरी एकीने सांगितलेला दुसरीशी जुळावा... पार्बताबाईंचा गोल, काळा, पाण्याकडे कललेला. सुगंधाबाईंचा लांबट, सपाट, अंगावर पांढरी शीर असलेला. एकीची दळणाची पाळी सोमवारी, दुसरीची गुरुवारी, आणि शशीताई दोन्ही दिवशी येऊन बसत. दोघींनाही त्या एकच सांगत, “तुमी ठरवा, मंग मी काढीन. तोवर भांडा. जागा कुठी जात नाई.”

असे सात महिने गेले. चित्र वरपासून खालपर्यंत भरलं, पाण्यात आभाळ उतरलं, आणि मध्येच, बरोबर नजरेसमोर, पुठ्ठ्याचा ओंजळभर कोरा तुकडा तसाच राहिला. त्या शेवटच्या रविवारी मी पाहिलं तर शशीताई दोन पायऱ्या चढून धापा टाकत होत्या. स्टुलावर चढताना त्यांनी माझा खांदा धरला, त्यांची बोटं गार होती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्या सांगेनात. मला भीती वाटली, आणि भीतीपोटी माणूस जसं घाईने बोलतं तशी मी बोलले. म्हटलं, ताई, काढून टाका ना कसाही एक दगड. गोलही नको, लांबही नको, मधला काहीतरी. नाव लिहू नका. दोघीही म्हाताऱ्या, एकीला तर नीट दिसतही नाही. निदान तुमच्या हातून चित्र पूर्ण होईल... शशीताई स्टुलावरून खाली उतरल्या. बाकावर बसल्या. पदराने ब्रश पुसला, खूप वेळ पुसत राहिल्या. आणि मग ते वाक्य.

आता कळतं की त्यांनी ते किती मोजून म्हटलं होतं. चार महिन्यांच्या अबोल्यानंतरही त्यांनी मला माझ्या त्या जाहीर प्रश्नाबद्दल एका शब्दाने दुखावलं नव्हतं. उलट तो खरा मानून त्या एकट्या जाऊन चक्कीच्या बाकावर बसल्या होत्या. बायांना न विचारता बायांचं गाव भरून टाकणाऱ्यांना मी हॉटेलात उभं राहून बोल लावला होता, आणि आता मीच त्यांना सांगत होते, भरून टाका. हे मला एस.टी.त तुमसरच्या एका बाईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्याचं सोंग करताना कळलं. सोमवारी फोन करीन, असं ठरवलं. मग मंगळवारी. बुधवारी रात्री नंबर लावला आणि कापला. इतक्या उशिरा नको, उद्या करू. गुरुवारी सकाळी नामदेवभाऊंचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लाखांदूरच्या त्यांच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांची गर्दी होती. वंदना झाली. त्यांच्या मुलाने मला जवळ बोलावून विचारलं, आई तुमच्याशी शेवटी काय बोलली. मी म्हणाले, चित्राबद्दलच बोलत होत्या. हरिदासभाऊ आले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात दिलं. हातोडी होती. दांडा तेलकट झाला होता. ते म्हणाले, “त्या दिवशी मी आडवं याले नाई पाहिजे होतं, बाई.” मलाही कोणाला तरी हेच सांगायचं होतं.

गेल्या सोमवारी मी चक्कीवर गेले. इतक्या दिवसांत चित्रावर पीठ चांगलं जाड साचलं असेल, सगळा घाट पांढरा झाला असेल, असं मनाशी धरून गेले होते. तसंच होतं. शेवगा दिसत नव्हता, नदी दिसत नव्हती. मात्र मध्यभागी, कोऱ्या तुकड्यावर, पिठात एक लांबट आकार बोटाने ओढलेला होता, आणि त्याच्यावर नखाने काढलेली एक तिरपी शीर. मी नामदेवभाऊंकडे पाहिलं. ते पट्टा तपासत होते, मान वर न करता म्हणाले, “गुरुवारी सुगंधाबाई काढतात. सोमवारी पार्बताबाई पुसून आपला काढतात. मॅडम गेल्यापासून हेच चालून राहिलं. मी बोलत नाई. दोघीईले मॅडमनं सांगतलं होतं म्हणे, मी नसली तरी जागा आहे.”

थोड्या वेळाने पार्बताबाई आल्या. डबा उतरवून घ्यायला मी पुढे झाले, तर त्यांनी मला हाताने चाचपून ओळखलं. “तू होय, पोरी. मॅडमची.” मग त्या भिंतीपाशी गेल्या. डोळ्यांचा त्यांना आता उपयोग नव्हता. तळहाताने पुठ्ठ्याची कड शोधली, कडेवरून चार वीत आत, दोन वीत खाली, असं मोजत हात बरोबर त्या जागेवर आणला. जावेचा दगड पदराने पुसला, अजिबात राग न धरता, जसं आपण भांडं घासायला घेण्याआधी खरकटं काढतो तसा. आणि सणाच्या दिवशी पाटाभोवती रांगोळीचा चौक टाकणाऱ्या त्या बोटाने, एका दमात, पिठात एक गोल ओढला. पाण्याच्या बाजूला किंचित कललेला.

“दिसते का व?” त्यांनी विचारलं.

मला त्यांना सांगायचं होतं की मधला काहीतरी काढून टाका असं मी म्हणाले होते... ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, “दिसते.”

“बरोबर दिसते?”

“कललेला दिसते. पाण्याकडे.”

त्यांनी मान हलवली. नामदेवभाऊंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. पट्टा फटफटला, दगडांनी खालचा सूर धरला, आणि पार्बताबाईंच्या तांदळाचं पीठ हलकेच वर चढू लागलं. मी बाकावर शशीताईंची जागा सोडून बसले. गोलाच्या रेघेवर पहिला पांढरा कण बसला, मग दुसरा. दोन दिवसांत तो पुसट होणार होता. गुरुवारी सुगंधाबाई येणार होत्या.